भ्रूणपोषाचा एक मार्क

जीवशास्त्राचा पेपर सुटला आणि अड्याळच्या केंद्राबाहेर पोरापोरींचा नुसता गलका झाला. बारावीचा शेवटचा पेपर होता. खुशबूने मात्र प्रश्नपत्रिका दप्तराच्या तळाशी कोंबली. सराव परीक्षेत ती याच विषयात आपटली होती. पेपरानंतर कोणाशी उत्तरं ताडून बघायची नाहीत, हे तिने घरूनच ठरवलं होतं.

पण बसला वेळ होता, आणि स्टँडजवळच्या रसवंतीत वर्गातला पहिला नंबर अश्विन मास्तरासारखा बाकावर बसला होता. भोवती पाचसात जण. चंदाने खुशबूला हाताला धरून तिथेच ओढलं.

चंदाने पेपर उघडला. "सहावा सांग अश्विन. धानाच्या पानातल्या पेशीत चोवीस गुणसूत्रं, त भ्रूणपोषात किती?"

"चोवीसच ना! एकाच झाडाच्या पेशी," अश्विन म्हणाला.

"वाचली बाप्पा मी!" चंदाने टाळी वाजवली.

खुशबूने हातातल्या रसाच्या ग्लासात बघितलं. गप्प बसावं, घरी जावं, असं वाटलं. पण या एका प्रश्नाने तिला दोन महिने छळलं होतं.

"मी छत्तीस लिवली," ती हळूच म्हणाली.

"छत्तीस कुठून आणली व?" मागून कोणीतरी हसलं.

 खुशबूने ग्लास खाली ठेवला. "सराव परीक्षेत मी बी चोवीसच लिवली होती. सरांनी काट मारली, म्हणून बसून समजून घेतली. हे पाय, परागकणातून दोन नर युग्मकं येतात. एक अंड्याले मिळते, त्याचा गर्भ होते. दुसरं मधल्या दोन केंद्रकांले मिळते, त्याचा भ्रूणपोष होते. म्हणजे तिघं झाले. एकेकात बारा. बारा त्रिक?"

"छत्तीस," चंदाचं तोंड उतरलं.

"आपण जो भात खातो, तो जास्त करून भ्रूणपोषच आहे," खुशबू म्हणाली.

सगळे अश्विनकडे बघायला लागले. अश्विन डोळे मिटून ओठांतल्या ओठांत पुटपुटला, मग त्याने कपाळावर हात मारला. "गेला माया मार्क! अन् घरी धानाची शेती आहे, बाप्पा!" तो स्वतःच खो खो हसत सुटला, तसे सगळेच हसले. चंदाही हसली, कारण एक मार्क कमी धरूनही ती आरामात पास होत होती.

मग बाकावर खुशबूसाठी जागा झाली. तिने दप्तरातून चुरगळलेला पेपर काढला. कोणी आनुवंशिकतेचं विचारलं, कोणी संप्रेरकांचं. काही तिला येत होतं, काही नव्हतं. हृदयाच्या आकृतीत आपण डावं-उजवं उलटं लिहिलं, हे तिच्या तिथेच लक्षात आलं, आणि तिने ते सांगूनही टाकलं.

"आता कसं व?" चंदा घाबरली.

"कसं काय? त्या माणसाचं हृदय उजवीकडं हाय म्हणायचं!" खुशबू म्हणाली, आणि रसवाल्याचंही हसू थांबेना.

तेवढ्यात बस आली. सगळे ग्लास टाकून धावले. खुशबू आत चढली तेव्हा अश्विनने खिडकीजवळची जागा धरून ठेवली होती.

"बस लवकर," तो म्हणाला, "मले ते किडनीचं समजावून सांग. सीईटी आहे ना पुढं."