गव्हाणीखालची चादर

"हा डाग कुठल्या पेशंटचा?" लाँड्रीतला बॉयलर सांभाळणाऱ्या वाफेवाल्या काकांनी तिच्या खांद्यावरून डोकावत विचारलं.

"पेशंटचा नाही हो काका. घरचा आहे."

"मग घरी धू की! दवाखान्याचं स्पिरिट काय बापाचं आहे?"

"काका, जेवणाची सुट्टी आहे. जेवा गुपचूप."

काका हसत डबा उघडायला गेले. ती परत वाकली. दवाखान्याच्या लाँड्रीत तिला वीस वर्षं झाली होती. रक्त, आयोडीन, औषधं, काय काय काढलं होतं तिने. तिच्या हातून गेलेल्या चादरीवर आधी काय सांडलं होतं ते डॉक्टरलासुद्धा सांगता आलं नसतं. सगळे तिला डागवाली म्हणायचे. तिला आवडायचं ते.

पण आजची चादर वेगळी होती.

दुसरं लग्न करून ती त्या घरात आली त्याला दीड वर्ष झालं. नवरा याच दवाखान्याची अ‍ॅम्ब्युलन्स चालवायचा. त्याची पहिली बायको गेलेली, हिचा पहिला नवरा गेलेला. त्याची मुलगी तेरा वर्षांची, हिची सहा. धाकटी आठवड्याभरात त्याला बाबा म्हणून पाठीवर चढायला लागली. थोरली मात्र हिला मावशी म्हणायची, अहो-जाहो करायची, आणि स्वतःचं ताट स्वतः घासून पालथं घालायची. भांडण नाही, तक्रार नाही. पाहुणी राहावी तशी. एकदा कडाकडा भांडली असती तर बरं झालं असतं, असं हिला कितीदा वाटायचं.

गेल्या नाताळला थोरलीने माळ्यावरची देखाव्याची पेटी काढलीच नव्हती. यंदा काढली. आणि काल संध्याकाळी एक पांढरी चादर छातीशी धरून हिच्यासमोर उभी राहिली.

"मावशी, एवढी इस्त्री करून द्याल? आईची आहे. बाळ येशूच्या गव्हाणीचा देखावा मांडतो ना, त्याच्याखाली घालायची."

दीड वर्षात तिने मागितलेली ही पहिली गोष्ट.

आज लाँड्रीत चादर उघडली तर डागच डाग. मेण सांडलेलं. ओल्या पेल्याचं गोल वर्तुळ. हिरव्या रंगाचे शिंतोडे. कोपऱ्यात इस्त्रीने जळलेला तपकिरी त्रिकोण. पोरगी आईची चादर अशी मळकीच अंथरत होती! नुसती इस्त्री काय मागतेस बाई, मी तुला नवीकोरी करून देते.

मग टीपकागद ठेवून मेण उतरवलं. वर्तुळ घासलं. हिरव्या रंगाने जीव काढला, पण तोही गेला. जळकं तेवढं हटेना. त्याला इलाज नसतो, तिथला धागाच मेलेला असतो. तो कोपरा भिंतीकडे करू, दिसणार नाही, असं तिने ठरवलं. निळीतून काढली, वाळवली, कडक इस्त्री केली, आणि लेकरू न्यावं तशी हातावर आडवी धरून घरी नेली.

"डोळे मिटा दोघींनी!"

बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर तिने चादर पसरली.

"अय्या, बर्फ!" धाकटी किंचाळली.

थोरलीच्या हातात मातीचा बैल होता. तिने तो पुढे नेला. थांबली. चादरीवरून हात फिरवला, परत फिरवला.

"वर्तुळ कुठंय?"

"कसलं गं?"

"तळ्याचं."

हिला काही कळेना. थोरली खालच्या आवाजात बोलायला लागली, धडा म्हणावा तशी. "मेण सांडलंय तिथे गव्हाण. वर्तुळ म्हणजे तळं, तिथे बैल. हिरव्यावर मेंढ्या. आई म्हणायची, डाग बघायचा आणि ठेवायचं. शेवटच्या वर्षी ती पलंगावरून सांगत होती आणि मी ठेवत होते."

तेवढ्यात नवरा आला. चपला काढता काढता म्हणाला, "अरे वा, काय चकाचक केलीय!" मग त्याने दोघींचे चेहरे बघितले.

"डाग बघून देखावा मांडायचे, हे तुम्ही मला सांगायचं तरी," ती म्हणाली.

"मला कुठे ठाऊक? नाताळला मी कायम ड्युटीवर. आलो की सगळं मांडलेलं असायचं." तो तिथेच स्टुलावर बसला.

ती धावत जाऊन पेला ओला करून आली. "कुठे होतं सांग. मी करते परत. चहा घालू थोडा?"

"नको," थोरली म्हणाली. रागाने नाही. "तो तुमचा डाग होईल."

मग जरा वेळाने, पाहुणी म्हणते तसं म्हणाली, "छान निघालीय चादर, मावशी."

बैल इथे ठेवला, तिथे ठेवला, उचलला. मेंढ्या मांडल्या, गोळा केल्या. शेवटी ती टेबलाच्या मागे गेली, आणि भिंतीकडचा कोपरा तिच्या हाताला लागला. तिने चादर ओढून फिरवली. जळका त्रिकोण समोर आला.

"शेकोटी," ती म्हणाली. "ही राहिली."

तिने मेंढपाळ शेकोटीभोवती बसवले. मग मेंढ्या. मग बैल, गाढव. मग आई, बाप, आणि गवतावरचं बाळ. सगळे त्या एका कोपऱ्यात, एकमेकांना चिकटून. उरलेल्या टेबलभर पांढरीशुभ्र चादर, सुरकुती नाही, काही नाही.

"ताई, सगळे तिथेच का?" धाकटीने विचारलं. "थंडी वाजतेय त्यांना?"

"हो."

डागवाली ओला पेला हातात धरून उभी होती. त्याच्या बुडाशी पाण्याचा थेंब जमत होता. तो चादरीवर पडायच्या आत तिने खाली तळहात धरला.