थोरल्या सुनेचा डोळा

चुसोकचा, नव्या पिकाचा सण सोळा दिवसांवर आला होता आणि त्याआधी आजेसासऱ्यांचं श्राद्ध येऊन ठेपलं होतं. ह्ये-रान सकाळपासून स्वयंपाकघराच्या जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरून धिरडी तळत बसली होती. माशाचे काप पिठात घोळवायचे, अंड्यात बुडवायचे, तव्यावर सोडायचे. या घरात आल्याला तिला एकोणीस वर्षं झाली होती. वर्षाला अकरा श्राद्धं, शिवाय चुसोक आणि नववर्ष. थोरल्या घराण्यातल्या थोरल्या मुलाची बायको झालीस म्हटल्यावर त्याला इलाज नाही, हे आमच्या आंदोंगकडे मुलींना शाळेत जायच्या आधी ठाऊक होतं.

तव्यातलं तेल तडतडलं आणि एक थेंब तिच्या डाव्या पापणीवर उडाला. तिने डोळा मिटून त्यावर बाही दाबली. समोरचा तवा नाहीसा झाला.

तव्याच्या जागी नुसता करडा धब्बा होता. कडेला खिडकीचा उजेड तेवढा कळत होता. पण जिकडे बघावं तिकडे तो धब्बा आधीच जाऊन बसलेला. तिने बाही काढली. तवा होता, धिरडी होती, एक करपायला आलं होतं. तिने पुन्हा डावा डोळा झाकला. पुन्हा काही नाही. दोन-तीन दिवस उजवा डोळा फिरवला की मागून कुणी दोरी ओढल्यासारखं दुखत होतं. जागरण झालं असेल, असं तिने धरलं होतं.

"आई, मला उजव्या डोळ्यानं दिसत नाहीये."

सासूबाई पलीकडे डाळीचे कोंब निवडत होत्या. वय शहात्तर, पाठ ताठ. "धूर गेला असेल. पाणी मार."

"धूर दोन्ही डोळ्यांत जातो ना?"

"दर श्राद्धाला तुझं काहीतरी निघतंच बाई. मागच्या खेपेला कंबर, आता डोळा. ती करपली बघ धिरडी."

ह्ये-रानने धिरडी उलटली. त्या दिवशी तिने एकशे चाळीस धिरडी तळली, ऑक्टोपस उकडला, खारवलेला मासा वाफवला. पुरुषांनी दिवाणखान्यात पूर्वजांपुढे माथा टेकला. बायकांनी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या उरलंसुरलं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी नवरा तिला तालुक्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेला. सांग-गू शेतकरी सहकारी संस्थेत कारकून होता. कुणाशी भांडण नाही, कुणाला उलटून बोलणं नाही. सगळे त्याला भला माणूस म्हणत. अशा भल्या माणसांच्या हातून काय काय घडतं, त्याची नोंद कुठेच होत नाही.

डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकून पाहिला, यंत्रावर हनुवटी टेकवून पाहिली, मग म्हणाले, "वरून तर डोळा स्वच्छ आहे. तुम्ही जरा बाहेर बसा, घरच्यांना आत पाठवा."

ती बाहेर बसली. आत डॉक्टरांनी सांग-गूला सांगितलं, "बाहुली उजेडाला नीट आवळत नाही. डोळ्यामागची नस सुजली असावी. माझ्याकडे त्याचं औषध नाही. देगूच्या मोठ्या रुग्णालयात न्या. आजच न्या. उशीर झाला तर नजर परत येईल याची खात्री नाही." त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. सांग-गूने मान डोलावली आणि चिठ्ठी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

"काय म्हणाले?" गाडीत तिने विचारलं.

"विश्रांती घ्या म्हणाले. बघू, देगूला दाखवून आणू."

"कधी?"

"आईला विचारतो."

आईने चिठ्ठी दोनदा वाचली. "एकदा रुग्णालयात घातली की महिना गेला. चुसोकला सत्तर माणसं यायचीत. थोरली सून घरात नाही असा चुसोक या घरानं बघितलेला नाही, सांग-गू. धाकटे काका काय म्हणतील? सण होऊ दे. एक डोळा आहे ना तोवर?"

चिठ्ठी कपाटाच्या खणात गेली. सासूबाई दुष्ट होत्या असं कुणी समजू नये. बाळंतपणाच्या तिसऱ्या दिवशी त्या स्वतः याच स्वयंपाकघरात श्राद्धाचा भात शिजवायला उभ्या राहिल्या होत्या. त्यांना तेव्हा कुणी काही विचारलं नव्हतं. म्हणून त्यांनीही पुढे कुणाला काही विचारलं नाही.

दाखवून आणू म्हटलेल्या शब्दाला जागायचं म्हणून सांग-गूने बायकोला गावच्या वैद्याकडे नेलं. यकृतात आग साचलीय, असं सांगून वैद्याने तिच्या हातापायांत सुया टोचल्या. अंगणात वाळत घातलेल्या लाल मिरच्या डावा डोळा झाकला की कडेकडेला विटकरी मातीसारख्या दिसत आणि मधोमध दिसतच नसत. ती रोज सकाळी अंगणात उभी राहून डोळा झाकून बघे. पायरीचा अंदाज चुकू लागला. एकदा जवाचा चहा कपाच्या शेजारी ओतला गेला. सोळा वर्षांची मुलगी, बोराम, म्हणाली, "आई, कप इकडे आहे."

"माहितेय," ह्ये-रान म्हणाली आणि फडकं आणायला उठली.

चुसोकची सकाळ उजाडली. नव्या तांदळाचे वाफवलेले गोड सोंगप्योन, नवी फळं, नवी दारू. पूर्वजांचं ताट टेबलावर मांडलं. धाकटे काका, म्हणजे सासऱ्यांचे भाऊ, पांढरा अंगरखा घालून पुढे बसले होते. त्यांच्या मागे ओळीने पुरुष. ह्ये-रान सुपाचा वाडगा घेऊन आली, वाकली आणि टेबलाच्या कडेवर ठेवला. कड तिथे नव्हती. वाडगा उलटला आणि गरम सूप काकांच्या अंगरख्यावर सांडलं.

"डोळे फुटले का गं तुझे?" काका ओरडले.

स्वयंपाकघरातला पाण्याचा आवाज थांबला.

"एक फुटलाय, काका," ह्ये-रान म्हणाली. "सोळा दिवस झाले."

धाकटी जाऊ सो-दाम ओल्या हातांनीच बाहेर आली. ती देगूला एका विमा कचेरीत नोकरी करायची, सणापुरती यायची. तिने पूर्वजांच्या ताटासमोरच ह्ये-रानचा डावा डोळा तळहाताने झाकला.

"वहिनी, किती बोटं?"

"बोटं कुठे आहेत?"

सो-दामने हात खाली घेतला आणि गाडीची किल्ली उचलली.

"अगं, नमस्कार तर होऊ देत," तिचा नवरा पुटपुटला.

"करा ना. तुम्हाला कोणी अडवलंय?"

सणामुळे देगूच्या रुग्णालयात फक्त तातडीचा विभाग चालू होता. रक्त घेतलं, पाठीतलं पाणी घेतलं, डोक्याचं चित्र काढलं. त्याच संध्याकाळी औषधाची सलाईन लागली; पाच दिवसांनी तिचं रक्त यंत्रातून गाळून परत अंगात सोडू लागले. अहवाल यायला आठवडा लागला. डॉक्टर पे नावाच्या बाई होत्या. त्या खुर्ची ओढून तिच्या उशाशी बसल्या. सांग-गू खिडकीपाशी उभा होता, पण त्या ह्ये-रानशीच बोलल्या.

"तुमच्या अंगातली राखण करणारी फौजच चुकून तुमच्या नसांवर तुटून पडतेय. आजाराला नाव आहे, तो आवरायला औषधही आहे. पण तो पुन्हा येऊ शकतो, दुसऱ्या डोळ्यावर, नाहीतर कण्यावर. औषध जन्मभर घ्यायचं. रात्रंदिवस राबणं बंद."

"आणि हा डोळा?"

"पहिल्या दोन-चार दिवसांत आला असतात तर बरीच आशा होती. आता समोर हात हलला तर कळेल. तेवढंच. तुम्हाला आधी कुणी पाठवलं नाही?"

"विश्रांती घ्या म्हणाले होते."

डॉक्टरबाईंनी नकारार्थी मान हलवली. "हे बघून कुठलाही डोळ्यांचा डॉक्टर विश्रांती घ्या म्हणणार नाही."

ह्ये-रानने मान पूर्ण वळवली. आता उजवीकडे बघायला तिला मान पूर्ण वळवावी लागे. "अहो?"

सांग-गू जमिनीकडे बघत होता. "चिठ्ठी दिली होती त्यांनी. आई म्हणाली, सण..."

"काय लिहिलं होतं चिठ्ठीत?"

"आजच."

"डोळा माझा होता," ती म्हणाली. "चिठ्ठी तुमच्या खिशात कशी गेली?"

डॉक्टरांनी दिली म्हणून गेली, एवढंच खरं होतं.

दीड महिन्याने धाकटे काका नाशपातींची पेटी घेऊन घरी आले. बसले, खाकरले. "झालं ते झालं, सूनबाई. पुढच्या आठवड्यात माझ्या दादांचं, तुझ्या सासऱ्यांचं, श्राद्ध आहे. एका डोळ्यानं होईल तेवढं कर. बोरामही आता सोळाची झालीय, हाताशी घे. तिलाही वळण लागेल."

ह्ये-रान नाशपाती सोलत होती. तिने सुरी ताटलीत ठेवली.

"बोराम तव्यापाशी बसणार नाही. मीही नाही."

"मग करणार कोण?"

"पूर्वज कुणाचे, काका?"

"म्हणजे काय? आपल्या घराण्याचे."

"तुमच्या घराण्याच्या वंशावळीत माझं नाव नाही. मी बघितलंय. माझ्या माहेरचं आडनाव तेवढं आहे, तुमच्या पुतण्याच्या नावाच्या बाजूला. हात तुम्हालाही आहेत. डोळे तर दोन-दोन आहेत."

"सांग-गू! ऐकतोयस का तुझी बायको काय बोलतेय ते?"

सांग-गूने नाशपातीची ताटली काकांपुढे सरकवली.

सासूबाई छातीवर हात मारून रडू लागल्या. "पंचावन्न वर्षं मी केलं. हूं की चूं केलं नाही! मला कुणी विचारलं होतं?"

"नाही विचारलं, आई. ते वाईटच झालं." ह्ये-रानचा आवाज चढला नाही. "बोरामला मात्र मी विचारणार आहे."

काका नाशपातींची पेटी तिथेच ठेवून निघून गेले.

श्राद्धाच्या दिवशी ती बोरामला घेऊन सकाळच्या बसने देगूला गेली. त्या दिवशी तिच्या औषधाची पाळी होती. संध्याकाळी दोघी परतल्या तेव्हा पाहुणे जेवूनखाऊन गेले होते आणि सांग-गू मोरीपाशी भांडी विसळत होता. आयुष्यात पहिल्यांदाच. पाणी पार कोपरांपर्यंत ओघळलं होतं.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं. बाजारातून मागवलं सगळं. श्राद्धाचं तयार ताट देतात ना, ते. फोन केला, टेम्पोनं आणून दिलं. धिरडी, मासा, ऑक्टोपस, काही राहिलं नाही."

"आणि काका?"

"त्यांनी मासा दोनदा घेतला. चव बरी आहे म्हणाले."

"किती वेळ लागला?"

"दोन तास."

ते दुकान त्याच्या कचेरीसमोर होतं. अकरा वर्षं. दुपारच्या जेवणाला तो त्याच्यावरून जायचा, परत यायचा. दारावरच्या पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं: चुसोक, श्राद्ध, नववर्ष, घरपोच. पंचक्रोशीतल्या कुणाच्याही पूर्वजाने ते ताट परत पाठवल्याचं ऐकिवात नव्हतं.

"दोन तास," ह्ये-रान म्हणाली.

सांग-गूच्या हातातला वाडगा पाण्यात पडला. तो तसाच ओल्या हातांनी तोंड झाकून रडू लागला. "माझं चुकलं, बोरामची आई. चुकलं माझं."

आमच्याकडे नवरा रडायला लागला की बायको त्याला उगी करते. ह्ये-रान जागची हलली नाही.

"चुकलं म्हणू नका," ती म्हणाली. "चुकायला आधी काहीतरी ठरवावं लागतं. तुम्ही काही ठरवलंच नव्हतं."