बिघाड कधीपासून

“ही तुमची लिपी आहे का?” हीटिंग फर्मचे मालक लोरेंत्स यांनी फोन ऊर्मिलासमोर धरला.

बॉयलरशेजारच्या उघड्या पेटीचा फोटो होता. आत तारांचा गुंता, आणि तारांना गुंडाळलेल्या पिवळट कागदी पट्ट्यांवर निळ्या शाईने लिहिलेलं : वर. मधे. खाली.

“काल म्युलर गेला होता, स्मार्ट थर्मोस्टॅट बसवायला. एकही पट्टी वाचता येईना. वर गिऱ्हाईक शेजारी उभं राहून त्याला शिकवायला लागलं. तो म्हणतो, मी परत जाणार नाही. गिऱ्हाइकाचं आडनावही तुमचंच, म्हसकर. तुमचे नातेवाईक?”

“आहेत,” ऊर्मिला म्हणाली. “मी जाते.”

अक्षर तिने केव्हाच ओळखलं होतं. याच अक्षरात तेवीस वर्षांपूर्वी स्वयंपाकघराच्या दारावर चिठ्ठ्या लागायच्या. ‘गरम पाणी जपून.’ ‘हीटिंग कमी ठेवावे.’

जेवणाच्या सुट्टीत ती घरी गेली आणि कपाटाच्या तळातून एक वही काढून हत्यारांच्या पिशवीत टाकली.

घर डार्मश्टाटच्या दक्षिणेला, उतारावर होतं. रस्त्याकडून पाहिलं तर दुमजली, बागेकडून पाहिलं तर तिमजली. तो तिसरा, अर्धा जमिनीत गेलेला तळमजला म्हणजे झूटरां. २००१च्या नोव्हेंबरात ऊर्मिला, कपिल आणि आठ महिन्यांची मैत्रेयी तिथे राहायला आले. घर कपिलच्या मोठ्या भावाचं, नागेशभाऊजींचं. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीतले मोठे इंजिनियर. त्यांनीच कपिलला इथे नोकरी मिळवून दिली होती.

ऊर्मिला पुण्याहून पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करून आली होती. विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत तिची पीएच.डी.ची जागा ठरलेली होती, एक जानेवारीपासून. पण झूटरांमधला पारा सोळाच्या वर जाईना. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटचा नॉब पूर्ण फिरवला तरी, जिच्याखालून गरम पाण्याच्या नळ्या गेल्या होत्या ती फरशी दगडासारखी गार. वरून भाऊजी हाक मारत, “ऊर्मिला, कमी कर गं नॉब! सारखं फुल ठेवून उपयोग नसतो!” आणि ती दात आवळून तो फुलवरच ठेवी. तिची खात्री होती की बॉयलरच्या खोलीतून, जिची किल्ली भाऊजींच्या खिशात असे, ते खालची ऊब बंद करतात. कपिलला म्हटलं तर तो म्हणे, “अगं, दादाच्या घरात राहतोय आपण. काय बोलणार?”

मैत्रेयीची छाती दोनदा भरली. दोनदा इस्पितळ झालं. फेब्रुवारीत ऊर्मिलाने प्राध्यापकांना चार ओळींचं पत्र लिहून जागा सोडली. पुढच्या वर्षी नियम बदलले, पैसे संपले, जागा दुसऱ्याला गेली. चौतिसाव्या वर्षी तिने हीटिंगच्या कामाचं प्रशिक्षण घेतलं. लोकांना वाटलं, मिळेल ते काम धरलं. तिला मात्र ठाऊक होतं की या देशातल्या एका तरी बॉयलरचा पुरता हिशोब आपल्याला करायचा आहे.

दिवाळीला कपिल एकटाच दादाकडे जाई.

भाऊजींनी बागेकडचं दार उघडलं. हातात चालायची चौकट, डोक्यावर माकडटोपी, अंगावर दोन स्वेटर आणि वर शाल. वय चौऱ्याहत्तर.

“ये, ये! शेवटी घरचंच माणूस पाठवलं म्हणायचं. गेनाऊ, अगदी बरोबर! त्या कालच्या गड्याला फेज कुठली ते कळेना. जोडे तिथे काढ.”

“कामाचे जोडे काढता येत नाहीत भाऊजी. नियम आहे.”

“बरं, बरं.” ते खुर्चीत टेकले. “खुब्याच्या ऑपरेशननंतर दोन वर्षं मी खालीच असतो. जिने चढवत नाहीत. तुझी जाऊ तनयाकडे गेलीय, हॅम्बर्गला. तनयानेच हे खूळ काढलं, स्मार्ट थर्मोस्टॅट. म्हणे बाबा, फोनवरून मी तुमचं घर गरम करीन. एम.एस्सी. झालीस आणि हातात पाना घेतलास म्हणून हसलो होतो मी तुला. पण बघ, घरात कामाला आलाच की नाही?”

“आला ना,” ऊर्मिला म्हणाली. “आज आलाच.”

तिने खिशातला तापमापक काढला. साडेचौदा. नॉब पाहिला. पूर्ण फिरवलेला. आकडा पाहून तिला बरं वाटलं. नळ्यांत गाळ बसला असेल, तिने मनाशी म्हटलं. बसू दे.

“गार वाटत नाही तुम्हाला?”

“वाटतं ना! फुलवर ठेवतो तरी ढिम्म. जुनं घर झालं. आल्झो, म्हणजे काय, माणूसही जुनं झालं.”

तिने जे करायचं ठरवलं होतं त्याला हत्यारही लागत नव्हतं. नव्या थर्मोस्टॅटमध्ये बसवणाऱ्यासाठी एक वेगळं पान असतं. तिथे खोलीचं कमाल तापमान ठरवून त्याला सांकेतिक आकड्याचं कुलूप घालता येतं. भाडेकरूंनी फार चैन करू नये म्हणून काही घरमालक ते मागून घेतात. वरच्या दोन मजल्यांना ती हात लावणार नव्हती. खाली फक्त सोळा. हॅम्बर्गहून तनयाने फोनवर कितीही बोट फिरवलं तरी सोळा. आणि मग वही समोर ठेवून सांगायचं, बघा, हाच आकडा होता.

दीड तास ती शांतपणे काम करत राहिली. मुख्य वीज बंद केली, पट्ट्या वाचल्या, तारा तपासल्या. जोडणी चोख होती. भाऊजींनी १९९८ साली स्वतः केलेली. इलेक्ट्रिशियनला बोलावणं त्यांना कमीपणाचं वाटे, आणि पट्ट्या मराठीत, म्हणजे दुसऱ्या कुणी हात लावायला नको. लावलाही नव्हता. दरवर्षी येणारा माणूस बॉयलर साफ करून, तो गुंता पाहून पेटी बंद करून जाई.

तिन्ही थर्मोस्टॅट भिंतीवर बसले. खालच्यात तिने कमाल सोळा घातलं. कुलुपाचा आकडा दिला मैत्रेयीच्या जन्मतारखेचा.

राहिली चाचणी. खोली साडेचौदावर होती, तेव्हा सोळाची मागणीही चाचणीला पुरेशी होती. ती बॉयलरच्या खोलीत गेली. तिथे भिंतीवर तीन वाल्व, आणि प्रत्येकावर अंगठ्याएवढी पांढरी टोपी. थर्मोस्टॅटने ऊब मागितली की टोपीला वीज मिळते, आतलं मेण फुगतं, वाल्व उघडतो आणि गरम पाणी फरशीखाली धावतं. उघडला की टोपीच्या माथ्यावर एक बारीक खुंटी वर येते. चार मिनिटं लागतात.

‘वर’ची खुंटी वर आली. ‘मधे’ची आली.

‘खाली’ची आत गेली.

ऊर्मिला थबकली. आपलंच चुकलं असेल म्हणून तिने पुन्हा तारा पाहिल्या. बरोबर होत्या. मग तिने खालचा थर्मोस्टॅट बंद केला आणि परत येऊन घड्याळ लावून उभी राहिली. चार मिनिटांनी खुंटी संथपणे वर आली, आणि वाल्वखालची नळी हाताला कोमट लागली.

तिने टोपी फिरवून बुडाशी विजेरी धरली. तिथे बारीक अक्षरात दोन शब्द होते. श्ट्रोमलोस ऑफन. वीज नसताना उघडा. बाकीच्या दोघींवर त्याच्या उलट. दोन्ही जाती बाहेरून हुबेहूब सारख्या, आटेही सारखे. कधीतरी मूळची टोपी जळाली असणार, आणि भाऊजींनी स्वतःच्या हाताने दुसरी आणून बसवली असणार. इंजिनियरने बुडाशी काय छापलंय ते कशाला वाचायचं!

म्हणजे ऊब मागितली की वाल्व बंद. जितकी मागावी तितका घट्ट बंद.

ती खाली बसली. आधी हसूच आलं. दोन वर्षं हा माणूस नॉब फुल करून, माकडटोपी घालून आपल्याच चुकीच्या पोटात बसला होता. तिला आता कुलुपाचीसुद्धा गरज नव्हती. सगळं आहे तसं सोडून जायचं. पडद्यावर ‘तापत आहे’ असं दिसेल, तनया तिकडून वाढवत राहील, आणि फरशी गार राहील. उद्या कुणी विचारलंच तर जुन्या नळ्या, दुसरं काय. तिने पेटीचं झाकण लावलं. दोन स्क्रूही आवळले.

तिसरा स्क्रू पिशवीत घरंगळला होता. तो शोधताना हाताला वही लागली.

आलेख कागदाची वही. तारीख, तापमान, नॉब, शेरा असे चार रकाने. त्या हिवाळ्यात रोज संध्याकाळी तिने नोंद केली होती. ती विसरली नव्हती. तेवीस वर्षांत तिने ती उघडलीही नव्हती.

नॉब फुल, पंधरा. नॉब फुल, साडेचौदा. नॉब फुल, सोळा. मग एक रविवार. नॉब बंद, एकवीस. शेरा : ‘पाहुणे आले होते.’ पुन्हा फुल, पंधरा. पुन्हा बंद, साडेवीस. शेरा : ‘संक्रांत. लोकांसमोर ऊब सोडली!!’ उद्गारचिन्हं दोन, कागद फाटेल इतकी दाबून. पाहुणे असले की दिवसभर वरच असायचं, म्हणून ती खालचा नॉब बंद करून जाई. रात्री खोली उबदार लागे, आणि तिला भाऊजींच्या ढोंगाची आणखी चीड येई. असे दिवस अकरा होते. अकराही दिवस बंद, अकराही दिवस वीसच्या वर.

पुण्यात ती दोन वर्षं प्रात्यक्षिकं शिकवत असे. मुलांना सांगायची, आकडे बोलत असताना आपण बोलू नये. ही वही एखाद्या विद्यार्थ्याने आणली असती, तर तिने चौथ्या रकान्यावर लाल रेघ मारून ती परत केली असती.

बॉयलर धपकन पेटला आणि मंद घुमू लागला. ऊर्मिलाने वही मिटली. मग तिने झाकण पुन्हा उघडलं, गाडीतून योग्य जातीची टोपी आणली आणि ‘खाली’च्या वाल्ववर बसवली. चार मिनिटं मोजली. खुंटी वर आली.

बाहेर येऊन तिने जुनी टोपी भाऊजींच्या तळहातावर ठेवली. बूड वर करून.

“वाचा.”

“चष्मा…” त्यांनी चष्मा लावला. वाचलं. इंजिनियर होते, समजायला एक क्षण पुरला. “हे… हे मी… बाकीच्या दोन?”

“उलट्या. त्या बरोबर आहेत.”

तिने वही उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांचं बोट तारखांवरून खाली सरकत गेलं. एका जागी तिने इस्पितळाचं नाव लिहिलं होतं. तिथे बोट थांबलं. मग पुढे जाऊन पहिल्या ‘बंद’पाशी थांबलं, दुसऱ्यापाशी थांबलं. ते पुन्हा पहिल्या पानावर गेले.

“कमी कर, कमी कर म्हणत होतो मी,” ते हळूच म्हणाले. “एकदा तरी कमी करून बघायचंस.”

“एकदा तरी खाली येऊन बघायचं होतंत.”

शालीचं टोक त्यांनी मुठीत घट्ट धरलं. माकडटोपीतला चेहरा एकदम लहान दिसला. ऊर्मिलाने नजर वळवली नाही. या क्षणाची तिने वर्षानुवर्षं वाट पाहिली होती, आणि तिला तो पुरता पाहायचा होता. फक्त त्याची चव वेगळी निघाली.

तिने कामाचा अहवाल काढला. छापील कागद, वर फर्मचं नाव. बिघाडाचं कारण. तिने जर्मनमध्ये लिहिलं : ग्राहकाने बसवलेला चुकीचा भाग. थोडं थांबून खाली आणखी एक ओळ लिहिली : वापरणाऱ्याने नोंदी ठेवल्या, पण तपासल्या नाहीत. पुढचा रकाना, बिघाड कधीपासून. नोव्हेंबर २००१.

भाऊजींनी सगळं वाचलं.

“ही दुसरी ओळ कशाला? फर्मला काय करायचंय?”

“खरी आहे म्हणून.”

“आणि तारीख?”

“तीही खरी आहे. त्याआधीची माझ्याकडे नोंद नाही.”

त्यांनी पेन मागितलं. नेहमीची लफ्फेदार सही केली नाही. नागेश पद्माकर म्हसकर, असं पूर्ण नाव लिहिलं, पट्ट्यांवरच्याच अक्षरात, देवनागरीत. तिने त्यांची प्रत फाडून टेबलावर ठेवली.

मग थर्मोस्टॅटपाशी जाऊन तिने मैत्रेयीची जन्मतारीख दाबली. सोळा पुसून बावीस केलं आणि कुलूप काढून टाकलं. भाऊजींना त्यातलं काही कळलं नाही.

“वही ठेव इथे,” ते म्हणाले. “मला नीट बघू दे. चहा टाकू का? थांब थोडी, तापेल आता.”

“फरशीला तीन तास लागतात भाऊजी.”

पण ती लगेच निघाली नाही. दाराशी जाऊन तिने कामाचे जोडे काढले, आणि मोज्यांवर खोली ओलांडून खिडकीखालच्या कोपऱ्यात गेली. तिथे पाळणा असायचा. फरशीखालची नळी भिंतीपासून सुरू होऊन साऱ्या खोलीत वेटोळी घेत इथे येते, म्हणून इथे ऊब सगळ्यात शेवटी पोचते. हे तेव्हा तिला माहीत नव्हतं.

भाऊजी मांडीवर वही घेऊन तिच्याकडे पाहत होते. फरशी अजून गारच होती. ऊब यायची वाट पाहत ऊर्मिला तिथेच उभी राहिली.