तिन्ही फलाट एक नंबर

सांगलीच्या अलीकडं एक जंक्शन आहे. नाव कशाला हवं? तिथली माणसं अजून तिथंच आहेत आणि रुसायला त्यांना कारण लागत नाही. लढाई नुकतीच संपली होती, साहेबाचं राज्य अजून होतं, संस्थानंही होती, आणि त्या एका जंक्शनात तीन कंपन्यांच्या गाड्या येत होत्या. एक मोठी कंपनी, तिची मेल पुण्याकडून येऊन बेळगावकडं जायची. दुसरी संस्थानची गाडी. ती जायची फक्त सांगलीपर्यंत, पण निघताना शिट्टी अशी फुंकायची की जणू विलायतेलाच चाललीय. आणि तिसरी बारकी गाडी. तिचे रूळ अरुंद, डबे अरुंद, समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघा घासायचा.

तीन कंपन्या म्हटल्यावर फलाटही तीन. एक नंबरला पत्र्याचं छप्पर, पाण्याचा नळ, चहाचा गाडा आणि भलंमोठं घड्याळ. दोन नंबरला अर्धं छप्पर. तीन नंबर जिना चढून पार पलीकडं, उघड्यावर, कडुलिंबाच्या झाडाखाली. तिथं गाडी नसली की शेळ्या बसायच्या, आणि गाडी आली तरी काही उठायच्या नाहीत.

कुठली गाडी कुठं लावायची हे ठरवायचा रामगोंडा मास्तर. त्याचे भाऊ हळद पिकवायचे, हा शिकला आणि मोठ्या कंपनीत छोटा स्टेशन मास्तर झाला. दर महिन्याला तिन्ही कंपन्यांची बैठक बसायची आणि दर महिन्याला तेच रडगाणं. संस्थानचा गार्ड नाथाजी मिशीला पीळ देत म्हणायचा, "आमच्या गाडीला एक नंबर द्या, मास्तर. आमी राजाची माणसं हाय." बारक्या गाडीवाले काही बोलायचे नाहीत, नुसते उसासे टाकायचे. मग रामगोंडा टेबलावर हात आपटायचा.

"रूळ बघून आन् वेळ बघून फलाट मिळंल! मानपान बघाया ही काय जत्रा हाय?"

ह्या वाक्याचा त्याला भारी अभिमान होता. घरी जेवतानाही तो ते बायकोला ऐकवायचा. चंदनबाला म्हणायची, "व्हय, व्हय. भाजी घ्या."

आणि मग रामगोंडाच्या लेकीचं, शालनचं, लग्न ठरलं.

मुलगा चांगला होता. नाव नेमिनाथ, घरात नेमू म्हणायचे. बारक्या लाईनीवर कवठ्याच्या बाजूला गाव, उसाची शेती, चार पैसे राखून असलेलं घर. पोरगा बोलायला मात्र अगदी कमी. विचारलं तर "व्हय", नाही विचारलं तर तेवढंही नाही. बोलायचं सगळं काम त्याच्या बापानं, आदगोंडा अण्णांनी, अंगावर घेतलेलं. आणि बोलून दमले की अण्णा रुसायचे. सुपारी फोडताना रुसले, कारण सुपारी आधी मुलीच्या काकानं उचलली. कापड घेताना रुसले, कारण दुकानदारानं त्यांना "या बसा" म्हणायच्या ऐवजी "बसा या" म्हटलं. काय फरक पडतो सांगा बरं! पण अण्णांना पडायचा.

रामगोंडाला रात्रीची झोप येईना. स्थळ सोन्यासारखं, पण ह्या माणसाच्या घरात आपली पोर नांदायची कशी? आणि तो मुका जावई तिची बाजू घेणार कधी?

लग्न सकाळचं होतं, म्हणून वऱ्हाड आदल्या दिवशी दुपारनंतरच्या गाडीनं आलं. त्याच सुमाराला पलीकडं एक नंबरला मेल लागली होती आणि मेलनं शालनचे मामा उतरले होते. भूपालमामा, रहिमतपूरचे, गुळाची पेढी असलेले. मामा आले म्हटल्यावर वाजंत्रीवाल्यांनी आपलं सुरू केलं. ते पोटार्थी लोक, फेटा दिसला की वाजवतात. सनईचा आवाज जिन्यावरून पलीकडं तीन नंबरला गेला. तिथं आदगोंडा अण्णांनी एक पाय गाडीच्या पायरीवर आणि दुसरा फलाटावर टाकलाच होता. समोर एक शेळी त्यांच्याकडं बघत रवंथ करत उभी.

अण्णांनी खाली टाकलेला पाय परत वर घेतला.

रामगोंडा धापा टाकत जिना उतरून आला तेव्हा सगळं वऱ्हाड डब्यात जाऊन बसलेलं होतं. अण्णा खिडकीशी, तोंड दुसरीकडं.

"पाव्हणं, उतरा की. पानं वाढाया घेतल्यात."

"मामाला वाजंत्री आन् नवऱ्याच्या बापाला शेळ्या!" अण्णा खिडकीतून गरजले. "मेल एक नंबरला, आमी तीन नंबरला! गाडी एक नंबरला आणा, मग उतरतो."

"आवं, ती गाडी तिकडं जाईत न्हाई! तुमच्या चाकांचं अंतर कमी, तिथलं रूळ लांब लांब. गाडी मधल्या मधी बसंल."

"मग रूळ जवळ घ्या. एवढी मोठी कंपनी हाय, दोन रूळ सरकवाया येत न्हाईत व्हय?"

"न्हाईतर गाडी रुंद करा," मागनं कुणीतरी वऱ्हाडी बोलला आणि सगळा डबा "बराबर, बराबर" म्हणाला.

रामगोंडानं हात जोडले. त्याच्या तोंडात ते जत्रेचं वाक्य आलं, पण त्यानं ते गिळलं. व्याह्याला असं बोलायची कुणाची छाती आहे?

एक गोष्ट इथं सांगायला हवी. ही सगळी जैन घरं. दिवस मावळला की तोंडात घास घालायचा नाही. अण्णा सकाळपासून पोटात जागा राखून बसलेले, कारण मुलीकडच्या बुंदीची ख्याती त्यांच्या कानावर आली होती. ऊन कलायला लागलं होतं. वाऱ्यावर तुपाचा वास येत होता. अण्णांच्या पोटातला आवाज रामगोंडाला खिडकीबाहेर ऐकू आला. पण एकदा रुसलेला माणूस कुणी वाट करून दिल्याशिवाय उतरेल कसा? त्यातच बारक्या गाडीचा गार्ड येऊन सांगून गेला की दिवस बुडायच्या सुमाराला गाडी परत फिरणार, आत नवरा असो नाहीतर नवऱ्याचा बाप.

नेमू नवरदेव कोपऱ्यात बसला होता. रामगोंडानं त्याच्याकडं आशेनं बघितलं. नेमूनं खाली मान घातली. गेली पोर विहिरीत, असं रामगोंडाला वाटलं आणि त्याच्या डोळ्यात पाणी आलं.

तो धावत घरी गेला. घर स्टेशनाला लागूनच. चंदनबाला पंगतीची पानं मांडत होती. तिनं सगळं ऐकलं, कमरेला पदर खोचला आणि म्हणाली, "गाडी हलत न्हाई ना? मग पाटी हलवा."

"काय?"

"एक नंबरची पाटी काढा आन् तिकडं नेऊन लावा. रूळ बघून आन् वेळ बघून फलाट द्या तुमी, पाटी हलवाया कुणी मनाई केलीया?"

इतक्या वर्षांचा त्याचा कायदा, साहेबासमोर सुद्धा न वाकलेला! पण आत शालन हळदीच्या अंगानं बसली होती, आणि बाहेर काय चाललंय ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. रामगोंडानं शिडी उचलली.

"१" ची पाटी लिंबाच्या झाडाखाली गेली आणि तिथली "३" ची पाटी पत्र्याच्या छपराखाली आली. वाजंत्रीवाल्यांना ढकलत जिन्यावरून नेलं. आदगोंडा अण्णांनी पाटीकडं बघितलं, एकदा वाचली, दुसऱ्यांदा शेजारच्याकडून वाचून घेतली, आणि उतरले. उतरताना त्यांनी शेळीकडं असं बघितलं की शेळीच बाजूला झाली.

"हुश्श," म्हणत रामगोंडानं घाम पुसला. तेवढ्यात पलीकडून आरडाओरडा.

भूपालमामा नळावर पाय धुऊन छपराखाली चहा पीत होते. सहज वर बघितलं तर डोक्यावर "३". मामांनी कपबशी खाली ठेवली, ट्रंक उचलली आणि परत मेलमध्ये जाऊन बसले. "नवरीच्या मामाला तीन नंबर! मी चाललो बेळगावला."

"आवं, बेळगावात तुमचं कोण हाय?" रामगोंडा रडकुंडीला आला.

"कुणी नसू दे! तिथं मान तरी असंल!"

आता मामाशिवाय नवरीला बोहल्यावर आणणार कोण? मेलच्या इंजिनानं पाणी भरून घेतलं होतं, ते फुसफुसायला लागलं होतं. रामगोंडानं चुन्याचा डबा मागवला, शिडीवर चढला आणि "३" ची पाटी पुसून तिच्यावर ऐसपैस "१" काढला. मामा उतरले. त्यांनी उरलेला चहा गार झाला म्हणून दुसरा मागवला.

आता दोन फलाट एक नंबर झाले. दोन नंबरवरचा नाथाजी गार्ड हे सगळं मिशीला पीळ देत बघत होता. तो शिडीपाशी येऊन उभा राहिला.

"मास्तर, सगळ्यांचा एक, आन् संस्थानचा दोन? ही बातमी सांगलीत गेली तर काय म्हणतील?"

रामगोंडानं शिडीवरूनच त्याला हात जोडले. मग उतरला, शिडी दोन नंबरला नेली आणि तिथंही "१" काढला. नाथाजीनं खूश होऊन सलाम ठोकला आणि ड्रायव्हरला अशी शिट्टी मारायला लावली की शेळ्या पार मालधक्क्यापर्यंत पळाल्या.

पंगत दिवस मावळायच्या आत उठली. अण्णांनी बुंदी एवढी खाल्ली की त्यांना रुसायला दमच उरला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लग्नही लागलं, अक्षता पडल्या, मामांनी नवरीला आणलं, कुणी कुणाला काही बोललं नाही. चंदनबाला नवऱ्याला हळूच म्हणाली, "बघा, चुन्यानं काम भागलं."

पाट्या मात्र तशाच राहिल्या. काढायला कुणी देईना, आणि लग्नघरात आठवणही कुणाला राहीना.

दुपार कलल्यावर पाठवणी निघाली. रामगोंडाला सुट्टी लग्न लागेपर्यंतचीच मिळाली होती. मेलला झेंडी दाखवायला त्यालाच उभं राहायचं होतं, म्हणून तो डोक्याला फेटा, कपाळाला गंध आणि हातात हिरवी झेंडी अशा अवतारात फलाटावर आला. स्टेशनात नुसता गोंधळ उडालेला. हळदीचे व्यापारी सांगलीच्या गाडीला एक नंबर शोधत होते आणि त्यांना तीन सापडत होते. एक म्हातारी प्रत्येक पाटीला हात जोडून पुढं जात होती. पलटणीतून सुटून आलेला एक जवान बारक्या गाडीत बसून विचारत होता, पुणं कवा येतंय?

नेमूनं पाटीकडं बघितलंच नाही. त्यानं खाली रूळ बघितले, शालनला आणि बायकामाणसांना घेतलं आणि गुपचूप जिना चढून लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसला. अण्णा मागनं चार वडीलधाऱ्यांना घेऊन डुलत आले. पत्र्याच्या छपराखाली थांबले. वर "१". खाली नळ, चहा, घड्याळ. समोर ऐसपैस मेल. अण्णांनी मान डोलावली आणि मंडळींसकट मेलमध्ये चढले.

रामगोंडा धावत खिडकीशी गेला. "पाव्हणं, ही गाडी बेळगावला जाती! तुमची गाडी पलीकडं लिंबाखाली!"

"पुन्हा शेळ्यांत पाठवताय व्हय?" अण्णांचा आवाज चढला. "लग्न झालं, काम झालं, आता व्याह्याची किंमत सरली? मला पाटी वाचता येती. एक नंबर म्हंजे एक नंबर. मी जागचा हलणार न्हाई!"

"आवं, तुमच्या पाया पडतो..."

"पडा, पण मी उतरणार न्हाई."

रामगोंडा वाकलाही. अण्णांनी तोंड दुसरीकडं केलं. गार्डनं तिकडून शिट्टी दिली. वेळ झाली होती, रूळ मोकळे होते. रामगोंडानं फेटा सारखा केला आणि हिरवी झेंडी वर धरली.

मेल हलली. बारक्या गाडीच्या खिडकीतून शालननं सासऱ्यांना ऐटीत बेळगावकडं जाताना बघितलं. सकाळपासून रडून तिचे डोळे सुजलेले होते, पण आता तिला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून ती हसत होती. रामगोंडा जिना उतरून खिडकीपाशी आला तो पांढराफटक पडून.

"जावईबापू, घात झाला! मी आत्ता म्होरच्या स्टेशनला तार करतो, उतरवून घ्या म्हणून."

नेमूनं खिडकीतून हात बाहेर काढून सासऱ्याचा हात धरला. त्यानं एकदा शालनच्या हसण्याकडं बघितलं.

"तार करा, मामा," तो म्हणाला. "पण सावकाश करा. हिला घर नीट बघू द्या. घरात आल्यावर पहिल्या दिवशी तरी हिला कुणी बोलाया नको."

नेमूला एवढं लांब बोलताना कुणीच ऐकलं नव्हतं. रामगोंडाला भडभडून आलं. स्थळ त्यानं केव्हाच पसंत केलं होतं, पण जावई त्याला त्या घडीला पसंत पडला. गाडी वळणाआड जाईपर्यंत तो लिंबाखाली उभा राहिला, मग जिना चढून पलीकडं गेला आणि तारेच्या यंत्रासमोरून सरळ चहाच्या गाड्याकडं वळला.