बुबुसारा आपांच्या दातांवरचे अस्तर

मी आठ इयत्ता शिकलेला मनुष्य असून, नारिन या डोंगराळ शहरातील दातांच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुण्याचे व दार सांभाळण्याचे काम गेली एकोणीस वर्षे करीत आहे. तथापि पुढील हकिकत मी स्वतः पाहिलेली असल्यामुळे ती लिहिण्याचे धाडस करतो.

आमच्या दाक्तर जानिल यांनी मला एकदा असे समजावून दिले होते, की मनुष्याने दात कितीही घासून लख्ख केला, तरी तो एक क्षणसुद्धा उघडा राहत नाही. लाळेमधील अतिसूक्ष्म प्रथिने तत्काळ येऊन त्यावर बसू लागतात. दातातील चुन्याशी ज्यांचे सख्य आहे, ती प्रथम येतात. मागाहून पिष्ट पचविणारी येतात, बुळबुळीत येतात, जंतूंना आवर घालणारीही येतात. दोन तासांत शंभराहून अधिक जातींची ही मंडळी मिळून एक अस्तर विणतात. ते इतके पातळ असते, की तशी काहीशे अस्तरे एकावर एक रचावीत तेव्हा कोठे एका केसाची जाडी भरेल. आंबट कुरुत, म्हणजे वाळविलेल्या दह्याच्या गोळ्या, चघळताना आंबटपणाचा पहिला घाव हेच अस्तर सोसते. हे ऐकले त्या दिवशी मी आरशासमोर बराच वेळ तोंड उघडून उभा राहिलो होतो. परंतु मला काहीच दिसले नव्हते.

हे अस्तर कशाकशाचे बनते, हेच दाक्तर शोधीत होत्या. त्यासाठी बारा माणसे हवी होती व अकरा झाली होती. बाराव्या बुबुसारा आपा. वय एक्याऐंशी, तोंडात एकोणतीस दात, आणि एकालाही कीड नाही. अशा वयाचे असे तोंड आमच्या भागात दुसरे मिळाले नव्हते. त्या आमच्याकडे आल्या त्याच दिवशी मुलाबरोबर उन्हाळी कुरणावर निघणार होत्या व शरद ऋतूपूर्वी उतरणार नव्हत्या; आणि दाक्तरांना आपले काम दहा दिवसांत राजधानीला पाठवावयाचे होते.

सकाळी दहा वाजता दाक्तरांनी आपांचे दात बारीक भुकटीने घासून स्वच्छ केले. "आता दोन तास काहीही तोंडात घालायचं नाही, आपा. चहासुद्धा नाही," असे बजावून त्या आतल्या खोलीत गेल्या.

येथे माझ्या हातून प्रमाद घडला. उंबरठा ओलांडून आलेल्या माणसाने निदान नानचा तुकडा तोंडाला लावल्याशिवाय जाऊ नये, हे माझ्या हाडात इतके मुरलेले आहे, की एवढी वृद्ध स्त्री माझ्या बाकावर रिकाम्या तोंडी बसलेली पाहून मी कपाटातील नान काढला, मोडला व तिच्यापुढे धरला. तिच्याही हाडात तेच मुरलेले. तिने तुकडा मोडून तोंडात टाकला. तिच्या ओठावर चुरा दिसला, तेव्हा मी भानावर आलो.

"आपा! हे काय केलंत!"

"मी केलं? तूच दिलास की रे! आता गप बस. एवढ्याशा तुकड्यानं काय आभाळ कोसळतंय? तिला सांगू नकोस."

अस्तर तर दिसतच नाही. मी न बोलतो तर कोणालाही कळले नसते. परंतु त्या अदृश्य मंडळींत माझ्या नानचे पीठ मिसळेल व दाक्तर ते आपांचे म्हणून लिहितील, हा विचार मला सहन होईना. मी आत जाऊन सर्व सांगितले.

दाक्तरांनी हातातली कुपी खाली ठेवली. मग, थोरल्या भावाला हाक मारावी तसे 'बाइके' म्हणत, त्या मला म्हणाल्या, "कुबात बाइके, दारावर 'येथे काही खाऊ नये' ही पाटी कोणी लावली?"

"मीच लावली."

"वाचता येते ना?"

"येते," मी म्हणालो, आणि मान खाली घातली.

इतक्यात बाहेर भोंगा वाजला. आपांचा मुलगा मेदेर मेंढ्या व तंबूचे लोकरी नमदे भरलेला ट्रक घेऊन आला होता. "आई, चल! दुपारी खिंडीत गारा पडतात. मेंढ्या तुझ्या दातांसाठी थांबणार नाहीत."

दाक्तरांनी आपांचे दात पुन्हा घासले, घड्याळ पाहिले, बर्फाची पेटी उचलली व म्हणाल्या, "मी ट्रकमध्ये येते. खिंडीवर दोन तास भरतील. आणि बाइके, तुम्हीही चला. आपांच्या तोंडाची राखण आता तुमच्याकडे."

त्या पुढे आपांशेजारी बसल्या. मी मागे मेंढ्यांत.

ही राखण किती कठीण, हे पहिल्याच तंबूपाशी कळले. ट्रक दिसताच एक स्त्री नान व किमिझचा, म्हणजे घोडीच्या आंबविलेल्या दुधाचा, वाडगा घेऊन धावत आली. "आपा, तोंड लावल्याशिवाय जायचं नाही!"

मी खाली उडी मारली. "आपांच्या वाटणीचं मी खातो."

"तू कोण? त्यांची नवी सून का?"

आपा खिडकीतून खदखदा हसल्या. "सूनच! दाढीवाली मिळाली, काय करणार! खा ग सूनबाई, लाजू नकोस."

असे तीन तंबू झाले. माझे पोट तडस लागेपर्यंत भरले. चौथ्या तंबूतील म्हातारा मात्र खरोखर दुखावला. "ऐंशी वर्षांची बाई माझ्या नानकडे पाठ करते? माझं काय चुकलं?"

दाक्तरांचा चेहरा उतरला. तेव्हा आपा स्वतः खाली उतरल्या. त्यांनी नान दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला व म्हणाल्या, "भाऊ, रागावू नकोस. माझे दात आज रोजा धरून बसलेत." म्हातारा हसला व त्याने वाट सोडली.

खिंडीवर बोचरा वारा होता. दोन तास पूर्ण होताच मेदेरने ट्रक थांबविला. मी माझा कोट उघडून आडोसा केला. दाक्तरांनी हातमोजे घातले, आंबट सत्त्वात भिजविलेला कागदाचा लहानसा तुकडा चिमट्यात धरला व आपांच्या एकेका दातावरून हळुवार फिरविला. कागद पांढराच राहिला.

"यावर तर काही नाही," मी म्हणालो.

"शंभरावर आहेत, बाइके. मोजून दाखवीन." त्यांनी तो कुपीत घालून बर्फात ठेवला. पेटीचे झाकण त्यांनी दोनदा दाबून पाहिले. बारा नमुने पूर्ण झाले होते.

आपांनी दातांवरून जीभ फिरविली. "म्हणजे आता माझे दात नागवे झाले की काय ग?"

"नाही, आपा. मी हे बोलेपर्यंत पहिली येऊन बसलीसुद्धा."

हे ऐकून मी मनात हिशेब करू लागलो. एक्याऐंशी वर्षे! कुरुतने, चहाने, हाडे फोडण्याने ते अस्तर किती वेळा झिजले असेल. आणि प्रत्येक वेळी कोणी हाक न मारता ही मंडळी आपापल्या जागी येऊन बसली, ही बाई झोपेत असताना, बाळंत होताना, नवऱ्याला पुरून परतताना. तिला त्याचा पत्ताही नव्हता. माझ्याही तोंडात, त्या मेंढ्यांच्याही तोंडात तेच चालू होते.

मेदेरने भोंगा वाजविला. आपा त्याच्यावर खेकसू लागल्या. मला मात्र आडोसा काढण्याचे भान राहिले नाही.

"काय रे, माझ्या तोंडात काय बघतोस?"

"आपा, आत काम चाललंय."

त्या थबकल्या. मग त्यांनी मुलाला हाताने थांबण्याची खूण केली, आणि मला नीट दिसावे म्हणून उजेडाकडे वळून तोंड आणखी थोडे उघडले.