बाटल्याला वास नसतो

मी एक जुना बाटला आहे. तुमच्या स्वयंपाकघरातल्या गॅसच्या बाटल्याशी माझे नावापुरतेच नाते. मित्रांनो, माझ्या दोन भिंतींमधली हवा काढून टाकलेली होती आणि पोटात द्रवरूप नायट्रोजन असे. त्याच्यापुढे बर्फसुद्धा ऊबदार वाटावा.

रोह्याच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. प्रयोगशाळेतल्या यंत्रात सूर्यासारखी आग पेटवायची, तर ती भिंतींना न शिवता अधांतरी धरणारे लोहचुंबक लागते. ते भयंकर गार असेल तरच त्याच्या तारांतून वीज विनाअडथळा धावते. आधी मी त्याला गार करायचो, मग हेलियम त्याहून गार करायचा. कौतुक मात्र हेलियमचेच व्हायचे. असो.

१९९६च्या मे महिन्यात मला भरून पुन्हा प्रयोगशाळेकडे नेताना ट्रक कासू गावाजवळ खड्ड्यात आदळला. माझी बाहेरची भिंत चिरली, दोन भिंतींमध्ये हवा शिरली आणि बाहेरची ऊब पोटापर्यंत पोहोचू लागली. पेणला ट्रक बंदच पडला. ड्रायव्हर याकूबभाईंनी मला उन्हातून ढकलत बाबाजी नावाच्या मूर्तिकाराच्या गणपतीच्या कारखान्यात ठेवले. "तोंडाला बूच लावू नका, फुटेल," एवढे सांगून ते मेकॅनिक आणायला गेले.

बाबाजींनी माझे तोंड हुंगले. "वास नाय. म्हंजे गळत नाय." ओल्या मातीला वारा लागून तडे जाऊ नयेत म्हणून त्यांनी नेहमीसारखी दारे-खिडक्या लावली आणि जेवायला गेले. आत राहिली त्यांची सून सरू. जमिनीवर बसून चिमणीच्या उजेडात ती मूर्तीची सोंड गुळगुळीत करत होती.

भर मे महिन्यात माझ्या पोटावर हिम चढू लागले. आतला बिनवासाचा नायट्रोजन उकळून जमिनीवरून सरकत होता, हवेला हुसकत होता. चिमणी विझली.

"वारा नाय, नि दिवा कसा इझला गो बाय?" सरू स्वतःशीच म्हणाली आणि हसली. हसतच राहिली. अंधारात तिचा हात सोंडेवर फिरत होता, मग मंदावला. मला ओरडायचे होते. पण माझ्या तोंडातून बाहेर पडत होता तो नायट्रोजनच.

याकूबभाई परतले. "दार कुनी लावलं?"

"अरं, उघडू नको! वारा लागंल मातीला!" जेवून परतलेले बाबाजी ओरडले.

"पोरीला वारा पायजे, बाबाजी!" दार ढकलून आत पडलेली सरू पाहताच याकूबभाई म्हणाले.

श्वास रोखून त्यांनी सरूला ओढत बाहेर आणले. वाऱ्याने त्या दुपारी सात मूर्ती तडकल्या. बाबाजींनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. ते सुनेच्या उशाशी बसून रडत होते.

डोळे उघडल्यावर सरू रागावली. "कशाला उठवलंत? किती बरं वाटत व्हतं."

मित्रांनो, आज मी भंगारात गंजत पडलो आहे, पण तिचे ते शब्द मला अजून छळतात; आपण गुदमरतोय हे तिला कळलेच नव्हते. माझ्यासारखा बाटला घरात आला, तर हुंगत बसू नका. आधी खिडकी उघडा. माती तडकली तर तडकू द्या.