पातेल्यामागचा माणूस

मित्रांनो, मी एक जुना व्हीसीआर आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. तोंडात कॅसेट सारली की मी ती गिळायचो आणि टीव्हीवर सिनेमा दाखवायचो. कारखान्यातून निघालो तेव्हा काळाभोर, चकचकीत होतो. या घरात आलो त्या दिवशी शेजारीपाजारी मला बघायला लोटले. नव्या नवरीचीही एवढी सरबराई होत नसेल!

घरात बाबा आणि त्यांची मुलगी, ताई. ताईची आई लवकर गेलेली. बाबा सैन्यातून निवृत्त झाले होते. त्यांच्याकडे कॅसेट एकच, एका जुन्या युद्धपटाची. दर रविवारी दुपारी तीच लागायची. ताई बंदुकांच्या आवाजाची वाट बघत सतरंजीवर बसायची. पण लढाईआधी एक प्रसंग होता. सेनापती नकाशावर बोट ठेवून बोलतोय आणि पार मागे, चुलीपाशी, एक आचारी पातेलं ढवळतोय. तिथे बाबा चित्र थांबवायचे आणि म्हणायचे, "तो बघ, तो मी!"

तो काही खरंच बाबा नव्हता. पण बाबा सैन्यात आचारी होते, आणि अख्ख्या सिनेमात चुलीपाशी दिसणारा माणूस तेवढाच होता.

"बाबा, पुढे घ्या ना! लढाई येऊ दे!"

"अगं, उपाशीपोटी कोण लढतं? एकदा काय झालं..."

"बाबाऽऽ!"

मग बाबा हसून बटण दाबायचे. तोफा धडाडायच्या आणि त्यांची गोष्ट पोटातच राहायची.

ताई लग्न होऊन दूर गेली. आता 'पुढे घ्या' म्हणणारं कुणी उरलं नाही. बाबा तासन्‌तास त्या आचाऱ्याकडे बघत बसायचे. घरात मी होतो, पण यंत्राला गोष्ट कोण सांगतं? मित्रांनो, चित्र थांबलं की कॅसेटमधली फीत जागची हलत नाही आणि माझं फिरतं चाक तिच्यावर घासत राहतं. तेवढीच जागा झिजत चालली होती. मला ते कळत होतं आणि फार वाईट वाटत होतं.

बाबा गेले. मी माळ्यावर गेलो. ज्याला बघायला गर्दी लोटली होती, त्याला आता कुत्रंही विचारीना. कोळ्याने तेवढी सोबत केली.

परवा ताई घर आवरायला आली. बरोबर तिची लेक होती. ताईने मला ओढणीने पुसलं, तारा जोडल्या, कॅसेट सारली. माझा जीव मुठीत होता, पण मी चाललो! सेनापतीने नकाशावर बोट ठेवलं, आणि पडदाभर नुसत्या मुंग्या पसरल्या.

"आई, बिघडलाय हा. टाकून दे."

ताईने बटण दाबून मुंग्या तशाच थांबवल्या. पडद्याच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. "ही चूल. हे पातेलं. आणि हे तुझे आजोबा."

लेक जवळ सरकली. "काय शिजवतायत गं?"

ताईचं बोट तिथेच राहिलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "ते सांगत होते. मीच पुढे घ्या म्हणायचे."

मित्रांनो, मला पुसून, झाकून ठेवलंत तर मला आनंदच होईल. पण मी यंत्र आहे, धूळ झटकली की पुन्हा चालतो. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाने चित्र थांबवून काही सांगायला सुरुवात केली, तर लढाई जरा थांबू द्या. पातेल्यात काय होतं, ते विचारून घ्या.